हिराजीभाऊंच्या चित्रातलं मीठ

आमचे साडू हिराजीभाऊ टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघतात.

पेणला त्यांच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीशी टीव्ही, समोर दिवाण, दिवाणापुढे चटई. दिवाणावर आम्ही पाहुणे, चटईवर आळीतली माणसं. आणि घरमालक कुठे? टीव्हीला खेटून ठेवलेल्या लाकडी खुर्चीवर, तोंड आमच्याकडे. पडद्यावर लढाई होवो, लग्न होवो, नायिका विहिरीत उडी घेवो, या गृहस्थांची मान वळायची नाही. मी एकदा विचारलं, "अहो, तुम्ही बघत का नाही?"

"चित्र काय बघायचं धाकटे? चित्र चांगलंच हाय. बघनाऱ्याला बघायचं."

बघणाऱ्याला म्हणजे मला, अशी माझी खात्री होती. कारण त्या खोलीत बाकी सगळे सिनेमा बघत असत आणि जळत असायचो एकटा मी. जळणाऱ्या माणसाचं तोंड बघण्यासारखं असतंच, आणि ते बघायला हिराजीभाऊंनी मोक्याची जागा धरली होती.

'धाकटे' हेही नीट सांगायला हवं. वयाने मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे. पण शालन आणि मालन या दोन बहिणींतली थोरली त्यांनी केली आणि धाकटी मी. लग्नाच्या मांडवात अंगाची हळद उतरायच्या आत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय धाकटे!" तेव्हापासून मी धाकटा. माझे केस पिकले, मी धाटावच्या कंपनीतून रिटायर झालो, आजोबा झालो, तरी धाकटाच. सासरवाडीला जेवायला बसलो तरी पहिलं पान त्यांचं, दुसरं माझं. यात कुणाची चूक नाही हे मला कळतं. कळून जळणं थांबत नाही.

पण पान वगैरे किरकोळ. खरं दुखणं चित्राचं होतं.

पेणचं हिराजीभाऊंचं घर गावाच्या खाडीकडच्या टोकाला. मागे भातखाचरं, त्यापुढे मिठागरं, त्यापुढे खाडी, आणि तिथून मुंबईपर्यंत आडवं येणारं काही नाही. त्या वेळी मुंबईच्या मनोऱ्यावरून चित्र सुटायचं ते हवेतून सरळ येऊन यांच्या अँटेनावर उतरायचं, जणू यांच्याकडेच यायला निघालं होतं. आम्ही रोह्याला. रोह्याला नदी आहे, हवा आहे, माणसं चांगली आहेत, पण चारी बाजूंना डोंगर. तेच चित्र डोंगर ओलांडून आमच्याकडे पोचेपर्यंत त्यात काही उरायचं नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. बातम्या सांगणारी बाई आहे की बुवा हे आम्ही आवाजावरून ठरवायचो.

मुंग्या हा शब्द सगळ्या महाराष्ट्राचा. हिराजीभाऊ मात्र मुंग्या म्हणत नाहीत. त्यांचे वडील, आजोबा मिठागरावर राबलेले. ते स्वतः पोह्याच्या गिरणीत लागले, पण बोलणं मिठागरावरच राहिलं. पडद्यावर पांढरे ठिपके दिसले की ते म्हणणार, "मीठ पडतंय." ठिपके लहान असले तर बारीक मीठ, मोठे असले तर जाडं मीठ. स्वतःच्या टीव्हीबद्दल बोलताना छाती काढून सांगायचे, "आमच्याकडं मिठाचा कण नाय. जिभेनं चाटून बघा!"

मी एकदा हट्टाला पेटलो. उंच पाइप आणला, त्यावर नवी अँटेना, अँटेनाला बूस्टर. कौलांवर तीन माणसं चढवली, कौलं फुटली ती वेगळी. चित्र बरंच सुधारलं. आता बाई आणि बुवा वेगळे दिसू लागले. मी मुद्दाम हिराजीभाऊंना जेवायला बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकेल इतके जवळ गेले, वरून खाली बघितलं आणि निकाल दिला.

"मीठ हाय. पन चवीपुरतं."

मालनला हसू आवरलं नाही. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

आणि त्यांची स्वतःची अँटेना! खाडीचा खारा वारा अॅल्युमिनियम खातो, म्हणून दर शनिवारी शिडी लावून हा माणूस अँटेनाच्या एकेका दांडीला खोबरेल तेल चोळायचा. शालनताई खालून ओरडायच्या, "माझ्या डोक्याला थेंब ऱ्हायला नाय, आनि तुमी काठ्यांना चोळताय!" वरून उत्तर यायचं, "तुझं क्यास मुंबई पकडतात काय गो?"

अँटेनावर कावळा बसला की चित्र डुलायचं. तुम्ही-आम्ही काय करू? हाड-हुड करू, खडा मारू. हिराजीभाऊंनी कावळ्यांशी तह केला. संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी घराच्या दुसऱ्या अंगाला, पेरूच्या झाडाखाली, ते तांदळाच्या भाकरीचे तुकडे टाकायचे. सगळे कावळे तिकडे. एकही अँटेनाकडे ढुंकून बघायचा नाही. आळीतली माणसं म्हणायची, हिराजीचं कावळेसुद्धा ऐकतात. माझं माझी मुलगीसुद्धा ऐकत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

तर दर रविवारी आमचं पेणला जाणं ठरलेलं. मुलीला सिनेमा हवा, मालनला बहीण हवी, आणि मी मागून पिशवी धरून. दिवाणाच्या कोपऱ्यात शालनताई, त्यांना लागून मालन, मग मुलगी, शेवटी मी. दोघी बहिणींचं हसणं हुबेहूब सारखं. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलणार, मग शेजारी जो असेल त्याच्या मांडीवर फाडकन चापट. शालनताई मालनला मारायच्या, मालन मुलीला, मुलगी मला. विनोद पडद्यावर व्हायचा आणि मार माझ्यापर्यंत यायचा. हिराजीभाऊ खुर्चीवरून हे सगळं डोळे भरून बघायचे. मला वाटायचं, घ्या, बघून घ्या, धाकट्याला मार बसतोय.

परतीच्या गाडीत मालन खिडकीशी बसून म्हणायची, "भावोजींकडं किती सोच्छ दिसतं, नाय?" रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन येईपर्यंत मी उत्तर द्यायचो नाही.

माझी आयुष्यात फार मोठी इच्छा कधी नव्हती. बढती मिळाली तर मिळाली. पण एक गोष्ट फार वाटायची. एकदा, फक्त एकदा, पेणच्या त्या खोलीत, त्या टीव्हीसमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "हिराजीभाऊ, तुमचं चित्र खराब आहे." कंपनीत रात्रपाळीला यंत्राजवळ बसून मी हे वाक्य कितीदा मनात म्हटलं असेल. कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, सगळं बसवून ठेवलं होतं. वाक्य तयार होतं, चित्र खराब होत नव्हतं.

मग छत्र्या आल्या.

आता मनोऱ्यावरून चित्र यायचं बंद होणार, सगळं वरून, उपग्रहावरून येणार, सरकारी वाहिन्या फुकट दिसणार, फक्त पत्र्याची छत्री घराला लावायची, असं लोक बोलू लागले. धाटावच्या नाक्यावर सुरेश वायरमनचं दुकान आहे. त्याने आमच्या घरावर छत्री लावली, आभाळाकडे तोंड करून फिरवली, आणि आमच्या टीव्हीत एक बाई आली. बाई कसली, तिच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येत होते. डोंगर जिथल्या तिथे होते, पण आता त्यांना विचारतो कोण? चित्र डोंगरांच्या डोक्यावरून येत होतं. मी त्या बाईला हात जोडायचेच बाकी होते.

दुसऱ्याच दिवशी मी पेणला निरोप धाडला. हिराजीभाऊ आले. चष्मा लावला. नाक पडद्याला टेकवलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बराच वेळ मीठ शोधलं.  माझ्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा क्षण, मुलीच्या लग्नासकट.

शेवटी ते मागे सरले. म्हणाले, "त्या बाईच्या नाकावरचा तीळ दिसतो. एवढं कशाला दिसाया पायजे?"

"स्वच्छ आहे की नाही?"

"हाय. पन धाकटे, ह्याच्यात तुमचं काय? आमी तेल चोळलं, कावळे सांभाळले. तुमी काय केलं? पत्रा ठोकला. असं चित्र निडीलाबी दिसल, वडखळच्या नाक्यावर टपरीतबी दिसल. मग पेन कशाला आनि रोहा कशाला?"

बोलणं माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. मला पेणसारखं चित्र हवं होतं, पण सगळ्यांना नको होतं.

काही महिन्यांनी मनोऱ्यावरचं प्रसारण खरंच थांबलं. हिराजीभाऊंच्या टीव्हीवर त्या संध्याकाळी कडेपासून कडेपर्यंत मीठ. त्यांनी अँटेना पुसली, वायर बदलली, कावळ्यांना जास्तीची भाकरी घातली. शालनताईंनी मालनला फोन करून सांगितलं, "नुसतं मीठ लावून बसतात गो. सांगतात, येईल, मुंबई काय कुटं जात नाय." आठवडाभराने ताईंनीच छत्री बसवून घेतली. हिराजीभाऊ तेव्हा घराबाहेर पेरूखाली उभे होते म्हणे.

त्यानंतर आळीतली माणसं यायची थांबली. घरोघर छत्री, घरोघर तीळ दिसणारी बाई. चटई गुंडाळून कोपऱ्यात गेली. आमचाही रविवार सुटला. मालन बहिणीला भेटायला महिन्यातून एकदा जायची. मी घरीच बसून माझं चित्र बघायचो, आणि मला त्यात गोडी वाटत नव्हती. शेजारच्याचं खराब असेल तरच आपलं चांगलं वाटतं, असा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

मग शालनताई गेल्या. ताप आला, चढला, दवाखाना झाला, आणि सगळं आटोपेपर्यंत काय झालं ते कुणाला नीट कळलंही नाही. खाडीकाठी दहावा होता. पिंड ठेवला आणि भटजी मागे सरतात न सरतात तोच कावळ्यांचा थवाच उतरला. माणसं हात जोडून म्हणाली, बाई पुण्यवान, कसली इच्छा मागे राहिली नाही. मी हिराजीभाऊंकडे बघितलं. ते कावळ्यांकडे बघत होते, ओळखीच्या माणसांकडे बघावं तसे. मी खोटं का बोलू, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, माझ्या वेळी दुपार होईल, एक कावळा यायचा नाही.

दोन-तीन महिने त्यांची काही खबर नव्हती. फोन केला तर "हाय, बरा हाय" एवढंच. आणि एका रविवारी सकाळी दारात हजर. हातात पेणच्या पापडांचं पुडकं.

"धाकटे, तुमच्याकडं टीव्ही बघाया आलो."

मला वाटलं माझ्या कानात काही बिघडलं. "का हो? तुमच्या टीव्हीला काय झालं?"

ते चपला काढता काढता खाली बघून म्हणाले, "मीठ पडतंय."

देवाशपथ सांगतो, मी त्यांना हाताला धरून आत नेलं. इतकं प्रेम मी त्यांना कधी दाखवलं नव्हतं. पाणी दिलं, पंखा लावला, आणि मग सावकाश विचारलं, "बारीक की जाडं?"

"जाडं. लई जाडं. मानूस दिसत नाय."

"अरेरे," मी म्हटलं. मालनने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा 'अरेरे' गिळला.

मग दर रविवारी. सकाळच्या गाडीने यायचे, रात्रीच्या जेवणाआधी जायचे. आमचं स्टूल टीव्हीशेजारी ओढून, पाठ पडद्याकडे आणि तोंड आमच्याकडे करून बसायचे. मी दर रविवारी मिठाची चौकशी करायचो आणि ते दर रविवारी बारकाईने सांगायचे. या आठवड्यात वरच्या अंगाला जास्त हाय, या आठवड्यात आवाजालाबी लागलंय. मला ऐकत राहावंसं वाटायचं.

पण माझं सुख फार टिकत नाही. मालनने त्यांच्यासाठी रविवारी वालाचं बिरडं सुरू केलं. आदल्या रात्री वाल भिजत घालणं, मोड काढणं, एकेक सोलणं. मी इतकी वर्षं बिरडं मागत होतो तर म्हणायची, "सोलत कोन बसनार?" आता टीव्हीसमोर बसून सोलत होती. जिताडा मासा आणला तर पोटाची तुकडी त्यांच्या ताटात, शेपटाकडची माझ्या. "भावोजी एकटे असतात," एवढंच म्हणायची. मीही जेवताना एकटाच असल्यासारखा जेवायचो, पण ते कुणी बघत नव्हतं.

शेवटी मला युक्ती सुचली. त्यांच्या छत्रीची दुरुस्ती आपण करून द्यायची. म्हणजे एक तर दर रविवारची तुकडी वाचेल. दुसरं, सुरेशला घेऊन मी पेणला जाईन, त्या खोलीत उभा राहीन, मीठ डोळ्यांनी बघेन, आणि माझं ते वाक्य म्हणेन. वर उपकार केल्यासारखंही दिसेल.

मी धाटावच्या नाक्यावर सुरेशच्या दुकानात गेलो. म्हटलं, "पेणला आमच्या साडूंच्या टीव्हीवर मुंग्या येतात, चल बघून येऊ."

"छत्री हाय ना त्यांची?"

"हो, दोन वर्षं झाली असतील."

सुरेश हसला. "काका, छत्रीला मुंग्या येत नायत. मुंग्या जुन्या अँटेनाला. छत्रीचं काम कसं, चित्र येतं, नायतर तुकडं पडून थांबतं, नायतर जातं. अधलंमधलं काय नाय."

"अरे पण ते म्हणतात जाडं मीठ पडतं."

"मग ते खोटं बोलतात," सुरेश म्हणाला आणि गिऱ्हाईकाकडे वळला.

मी घरी येईपर्यंत तापलो होतो. खोटं! ज्या माणसाने जन्मभर 'मिठाचा कण नाय' म्हणून मला छळलं, तो माझ्या घरी येऊन मला फसवतो, माझं बिरडं खातो, माझी तुकडी खातो! आणि खोटं बोलावं तेही जुन्या अँटेनाचं! मला काही कळत नाही असं समजतो काय? धाकटा समजतो!

"मी आत्ता पेणला जातो," मी मालनला म्हटलं. "तुझ्या भावोजींचं पितळ उघडं पाडतो. त्यांच्या टीव्हीला काही झालेलं नाही."

मालन वाल निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "जाताय तर त्यांना घेऊनच या. आज बुधवार असला म्हनून काय झालं."

मी गाडीत बसलो तेव्हा वाक्य बदललं होतं. आता ते असं होतं, "हिराजीभाऊ, तुमचं चित्र उत्तम आहे, तुम्हीच खराब आहात." पेण येईपर्यंत मी ते घासूनपुसून ठेवलं.

दुपार उतरली होती. दार लोटलेलं होतं आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता, कसला तरी हसवणारा कार्यक्रम. मी आवाज न करता दार ढकललं.

टीव्ही चालू होता. असं चित्र मी आमच्याकडेही बघितलं नव्हतं. काच नुकतीच पुसलेली असावी. दिवाणावर चादर ताठ अंथरलेली. दिवाणापुढे चटई पसरलेली, तिच्यावर कुणी नव्हतं. आणि टीव्हीला खेटून त्या लाकडी खुर्चीवर हिराजीभाऊ, पाठ पडद्याकडे.

पडद्यावर कुणीतरी काहीतरी बोललं, माणसं हसली. हिराजीभाऊंनी दिवाणाच्या कोपऱ्याकडे बघितलं. शालनताई बसायच्या त्या कोपऱ्याकडे. बघत राहिले, खांदे हलायची वाट बघावी तसे. मग हसण्याचा आवाज संपला आणि त्यांनी मान खाली घातली.

इतकी वर्षं मी त्या दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसून समजत होतो की हा माणूस मला बघतो. माझं तोंड, माझं जळणं. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नसेल.

चप्पल वाजली असावी. हिराजीभाऊंनी दाराकडे बघितलं आणि मी दिसताच खुर्चीवरून ताडकन उठले. या वयाचा माणूस इतक्या झटकन उठतो हे मला ठाऊक नव्हतं. ते टीव्हीपुढे उभे राहिले, दोन्ही हात पसरून, लुंगीसुद्धा जरा फैलावून.

"बघू नका धाकटे! मीठ हाय! लई मीठ हाय, डोळं बिघडतील!"

त्यांच्या डाव्या बगलेखालून एका गाणाऱ्या बाईचं अर्धं तोंड दिसत होतं. तिचे दात मोजता आले असते. उजव्या हाताखालून तबलजीचा अंगठा दिसत होता, अंगठ्यातल्या अंगठीचा खडा दिसत होता.  आयुष्यभर ज्या चित्रासाठी त्यांनी खोबरेल तेल संपवलं, ते चित्र आज माझ्यापासून लपवायला ते अंग पसरून उभे होते.

मी पुढे गेलो. चष्मा लावला. त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, ते बघायचे तसं. आणि जे म्हणायला मी अर्धं आयुष्य थांबलो होतो ते त्या खोलीत, त्या टीव्हीसमोर उभा राहून मोठ्याने म्हटलं.

"हिराजीभाऊ, तुमचं चित्र खराब आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

"जाडं मीठ आहे," मी म्हटलं. "माणूस दिसत नाही."

त्यांचे हात हळूहळू खाली आले. "बोल्लो व्हतो ना मी?" ते म्हणाले.

"हे दुरुस्त व्हायचं नाही. मी सुरेशला विचारलं. छत्रीला एकदा मीठ लागलं की लागलं. चला रोह्याला, मालनने वाल भिजत घातलेत."

त्यांनी वळून टीव्ही बंद केला. चटई गुंडाळली. पेरूखाली जाऊन भाकरीचा चतकोर कावळ्यांना टाकला, कारण संध्याकाळ व्हायला आली होती, आणि अँटेना काढून टाकली असली तरी तह तह असतो. मग कुलूप लावलं.

गाडीत बसलो. निडी गेलं तशी ते घसा खाकरून म्हणाले, "धाकटे, रागवू नका. पन तुमच्या चित्रातबी थोडं मीठ हाय. गेल्या रविवारी मला वाटलं."

पाठ करून बसणाऱ्या माणसाने माझ्या चित्रात मीठ काढलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी म्हटलं, "असेल. चवीपुरतं."

घरी पोचलो, चहा झाला. हिराजीभाऊंनी स्टूल टीव्हीशेजारी ओढलं आणि पाठ करून बसले. तोच हसवणारा कार्यक्रम पुन्हा लागला होता. सोफ्यावर टीव्हीच्या बाजूला मी, पलीकडे मांडीवर वालांची परात घेऊन मालन. कार्यक्रमात कुणीतरी पडलं. मालनचे खांदे हलू लागले, आवाज नाही, नुसते खांदे, आणि मग माझ्या मांडीवर फाडकन चापट.

हिराजीभाऊ मान जराशी तिरकी करून तिच्याकडे बघत होते. मला काय वाटलं ते विचारू नका, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक झाला आहे. पण मी मध्ये येत होतो. मांडी चोळत मी थोडा मागे सरकून बसलो.